उजव्या हाताची पट्टी

माझ्या संसारात मला एक सवत होती. ती म्हणजे एक शून्य. आमच्या ह्यांच्या नावापुढे नेहमी दोन आकडे लिहायचे, जिंकलेल्या लढती इतक्या आणि हरलेल्या शून्य. पहिला आकडा वाढत गेला तसं त्याच्याकडे बघणारे कमी झाले. जो तो त्या शून्याकडे बघायचा. बॉक्सिंगवाले ह्यांना ‘भिंत’ म्हणत, कारण समोरच्याचा ठोसा निघायच्या आधीच ह्यांना कळलेलं असायचं. त्याचा खांदा हलला, श्वास चुकला, पाय जरा जड पडला, की ह्यांनी ओळखलंच. घरात मात्र समोर ठेवलेली मिठाची बरणी दिसायची नाही. पण बाहेर कोण विचारतंय घरचं.

सुरुवातीला मला ह्या शून्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. पुढे पुढे ते आमच्यात जेवायला बसायला लागलं. हे पूर्वी जिंकून आले की हसत यायचे. शेवटच्या काही वर्षांत जिंकून आले की नुसता सुस्कारा टाकायचे, वाचलो एकदाचे, असा. जिंकायची हौस कधीच संपली होती, आता फक्त हरायचं नव्हतं. चाळिशी उलटली होती. डॉक्टर थांबा म्हणत होते, मी थांबा म्हणत होते, सासूबाई तर पहिल्या लढतीपासून म्हणत होत्या. हे म्हणायचे, “हत्ती गेला, शेपूट राहिलं. एकच लढत आणि मग बास.” ते शेपूट तीन वर्षं चाललं.

मी हॉस्पिटलात प्लास्टर रूममध्ये आहे. हाड डॉक्टर बसवतात, ते बसलेलं राहील असं बघणं माझं काम. हे माझ्याकडे पहिल्यांदा आले ते मोडलेला हात घेऊनच. आपली पट्टी आपणच बांधतो आणि उत्तम बांधतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, “दिसतंय.” त्या दिवसापासून ह्यांचे हात मीच बांधते. आधी मऊ पट्टी, बोटांच्या मुळांवर गादी, अंगठ्याला वेगळा वेढा, करंगळीच्या मागच्या हाडाला दोन वेढे जास्त, मनगटापाशी चिकटपट्टी. मग मूठ वळायला सांगायची आणि नखांचा रंग बघायचा. ह्या लग्नात मी ह्यांचा हात जितका वेळ हातात धरलाय तितका कुठल्याही बायकोनं नवऱ्याचा धरला नसेल.

ह्या धंद्यात एक पद्धत आहे. लढतीआधी प्रत्येक बाजूचा एक माणूस दुसऱ्या बाजूच्या खोलीत जाऊन उभा राहतो आणि हात बांधताना बघतो. पट्टीत कोणी काही कडक घालू नये, म्हणून. बघायचं, शंका आली तर बोलायचं, हात मात्र लावायचा नाही. बांधून झालं की संघटनेचा अधिकारी पट्टीवर सही करतो आणि त्यानंतर ती कोणालाही उघडता येत नाही. आमच्याकडून बघायला नेहमी मीच जायची. ह्यांचे कोच म्हणायचे, “तिच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही.” हे कोच म्हणजे ह्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून घडवणारे गृहस्थ. हे त्यांना ‘सर’ म्हणतात. मला ते ‘पोरी’ म्हणतात आणि मीही त्यांच्यापुढे कधी वर तोंड करून बोललेली नव्हते.

त्या संध्याकाळी ह्यांचे हात बांधून मी पलीकडच्या खोलीत गेले. समोरचा बॉक्सर बाविशीतलं पोरगं होतं. त्याचा कोच मुतखड्याच्या दुखण्यानं दवाखान्यात पडला होता, म्हणून हात बांधायला मामा आला होता. मामा पेशानं रंगारी. मला पोचायला उशीर झाला होता, तेवढ्यात डावा हात बांधून त्यावर सहीसुद्धा झाली होती. मी त्याला तो हात वळवून दाखवायला सांगितलं. करंगळीच्या बाजूला गादी नव्हतीच. मी अधिकाऱ्याला म्हटलं, “हा उघडा.” तो म्हणाला, “सही झाली, आता उघडत नाही. आणि कमीच घातलंय ना? मग तुमचं काय जातंय?”

माझं काहीच जात नव्हतं. मामानं उजवा हात घेतला. भिंतीला कागद लावावा तशी तो पट्टी वरवर फिरवत होता. मनगटाशी आवळून, मुठीवर ढिली, अंगठा मोकळा. असे हात पुढे कुठे येतात ते मला ठाऊक आहे. माझ्याच टेबलावर येतात. मी मनाला बजावलं, बाई, हा हात थोड्या वेळानं तुझ्या नवऱ्याच्या तोंडावर पडणार आहे, गप्प उभी राहा. पण जित्याची खोड. माझे हात इतके शिवशिवायला लागले की मी ते पाठीमागे बांधून उभी राहिले. शेवटी मामाच म्हणाला, “ताई, बरोबर चाललंय ना हो?”

मी म्हटलं, “सरका जरा.”

अधिकारी म्हणाला, “अहो बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?”

“हाताच्या,” मी म्हटलं आणि बांधायला घेतलं. त्यालाही घाई होती. उजवा हात झाला, पोरानं मूठ वळली, उघडली, परत वळली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. पहिल्यांदा नीट बसणारा बूट पायात घातल्यावर माणूस असाच बघतो. अधिकाऱ्यानं सही केली. मी परत आले तेव्हा हे अंग गरम करत होते, आणि लढतीआधी ह्यांच्याशी कोणी बोलत नाही, त्यामुळे मीही बोलले नाही.

पहिल्या दोन फेऱ्या ह्यांच्याच होत्या. तिसऱ्या फेरीत एकदा दोघं अंगाला अंग लावून सुटले आणि त्यानंतर पोराचा डावा हात नीट येईना. पुढे धरायचा, हूल द्यायचा, मारायचा नाही. मी ह्यांच्या कोपऱ्यामागच्या रांगेत बसले होते. मला वाटलं, आता हे काय करायचं ते करतील. चौथी गेली, पाचवी गेली. सातव्या फेरीत त्या पोराचा उजवा हात सरळ आला आणि हे खाली बसले. पडले नाहीत, बसले, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसे. रेफरी आकडे मोजत होता आणि हे त्याच्याकडे बघत होते, जणू दुसऱ्या कोणाचे आकडे चाललेत. उठायला उशीर झाला.

माझी सवत त्या दिवशी मेली. मला आनंद व्हायला हवा होता. पण ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मग सुरू झाला लोकांचा धंदा. काल ज्यांनी देव्हाऱ्यात बसवलं तेच आज म्हणायला लागले की मूर्ती आतून पोकळच होती. एका पेपरवाल्यानं लिहिलं, भिंतीनं आयुष्यभर सोपे प्रतिस्पर्धी निवडले. दुसऱ्यानं लिहिलं, एका पराभवानं सगळ्या जुन्या विजयांचा फेरविचार करायला हवा. जुने विजय काय दुधासारखे नासतात? संघटनेची नवी तालीम बांधून होत आली होती, तिला ह्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि नावाखाली ‘अपराजित’ असं कोरायचं होतं. सेक्रेटरींचा फोन आला, “मजकुराचा जरा विचार करू या.” हे म्हणाले, “करा की.” आणि फोन ठेवून बराच वेळ फोनकडेच बघत बसले.

अशात कोच आले. हे ओट्याशी बसून मटार सोलत होते, सासूबाई खिडकीपाशी विणत होत्या. कोचनी लढतीचं चित्रण दहादा बघितलं होतं. “त्या हातात काहीतरी होतं,” ते म्हणाले. “एरवी एका ठोशात हा बसणार नाही. पोरी, पट्टी बघायला तू होतीस. तुझ्या एका शब्दावर निकाल रद्द होतो. हरलेली लढत कागदावरून पुसली जाते. खोटं बोल म्हणत नाही मी. मला शंका आली होती, एवढंच म्हण.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नको म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. ते शेंगा सोलत राहिले.

“शंका येणार कशी?” मी म्हटलं. “ती पट्टी मी बांधली.”

सासूबाईंच्या सुया थांबल्या. मग मी सगळं सांगितलं, रंगारी मामा, सैल पट्टी, मोकळा अंगठा, सगळं. कोच ऐकून घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले, आणि चिडले तेही हळू आवाजात. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,” ते म्हणाले. “दुसरं काय.”

पण कोच पडले पक्के. जरा वेळानं त्यांचा चेहरा बदलला. “म्हणजे बघायला आलेल्या माणसानं हात लावला,” ते म्हणाले. “हे तर सरळ सरळ नियमाच्या बाहेर आहे. मग शंकाबिंकाही नको. खरं तेच लिहायचं. तुम्ही दोघांनी सह्या करायच्या, निकाल रद्द.” बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर मी अख्खं लाकूड हातात दिलं होतं.

ते गेल्यावर हे मला काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, भांडणात मी बरी आहे. पण हे आपले रोज फिरायला जायचे, येऊन पेपर चाळायचे, भाजी चिरून द्यायचे. शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, “सर म्हणतात ते खोटं नाही. नियम मोडलाच आहेस तू.”

“मोडलाय,” मी म्हटलं.

“मग खरं लिहून द्यायला काय हरकत?”

 खरंच हरकत काय होती? मला दंड झाला असता, परत कोणाच्या खोलीत जाऊ दिलं नसतं, त्याचं मला काही नव्हतं. पण त्या पोरानं मारलेला ठोसा पुसला गेला असता. आणि त्याहून मोठं म्हणजे, ती सवत जिवंत होऊन परत माझ्या घरात आली असती, आता जन्मभरासाठी. हे आयुष्यभर तिच्यापुढे दिवा लावत बसले असते, आणि मनातून त्यांना माहीत असतं की ती खोटी आहे. मला नवरा हवा होता. हरलेला चालेल, मुका नको. पण हे त्यांना कसं सांगावं ते मला सुचेना, आणि मी बोलायला गेले असते तर ते नियमाचंच बोलले असते.

दोन दिवसांनी दुपारी हे हॉस्पिटलात आले. प्लास्टर रूमच्या दारात उभे राहिले. खिशात घडी केलेला कागद होता. “सर जाऊन आले संघटनेत. मी सही केलीय. तुझी राहिलीय.”

मी हात पुसत होते, तेवढ्यात त्यांच्यामागे ते पोरगं येऊन उभं राहिलं. एका हातात एक्स-रे, दुसरा हात पिशवीसारखा छातीशी धरलेला. डावा. आमच्या ह्यांना बघून ते इतकं दचकलं की परत जायला निघालं. मी म्हटलं, “कुठे चाललास? बस इथे.”

एक्स-रे दिव्यावर लावला. करंगळीच्या मागचं हाड, मधोमध, आणि मोडून बरेच दिवस झालेलं. डॉक्टरांनी ते शेजारच्या खोलीत बसवून माझ्याकडे पाठवलं होतं. हे प्लास्टर घालताना दोन बोटं वाकवून कोणीतरी धरून ठेवावी लागतात आणि माझा मदतनीस जेवायला गेला होता. मी ह्यांना म्हटलं, “उभेच आहात तर धरा.” त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पोराची बोटं हातात घेतली. बोटं कशी धरायची हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मी हाताला कापूस गुंडाळला, पट्टी कोमट पाण्यात बुडवली, पिळली. “केव्हा मोडलं?”

“लढतीतच, ताई. तिसऱ्या फेरीत. सरांच्या कोपरावर आपटला.” पोरगं माझ्याकडे बघून बोलत होतं, ह्यांच्याकडे बघायचं टाळत होतं. “डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलंच नाही. वाटलं, लढत थांबवतील. नंतर वाटलं, निकाल काढून घेतील. मामा बर्फ लावत होता. काल मूठच वळेना.”

“म्हणजे चार फेऱ्या एका हातानं खेळलास?”

“हो.” मग ते थोडं हसलं. “प्रत्येक फेरीला वाटायचं, आता सरांना कळलं. आता सर ह्या बाजूनं येणार आणि माझं संपणार. सर आलेच नाहीत.” आता त्यानं मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं. “सर, तुम्ही मुद्दामच सोडलंत ना? मामा म्हणतो, एवढा मोठा माणूस, त्याला कळलं नाही असं होणारच नाही. मोडक्या हाताच्या पोराला काय मारायचं, म्हणून सोडून दिलं असणार. मी सगळ्यांना हेच सांगणार आहे, सर. खरंच.”

मी पट्टी फिरवता फिरवता ह्यांच्याकडे बघितलं. कारण मलाही तेच वाटलं होतं. तिसऱ्या फेरीपासून मी तो हात बघत होते. असा हात धरलेली माणसं मी रोज बघते, मला कळायला वेळ लागला नव्हता. मी ओरडले नाही, कारण माझ्या आधी ह्यांना कळलं असणार, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. मनातल्या मनात मला ह्यांचा अभिमानसुद्धा वाटला होता. सोडताहेत पोराला, असं म्हणून मी मागे टेकून बसले होते.

आणि आता तर नुसती मान हलवायची होती. शून्यापेक्षा सुंदर गोष्ट होती ती. मोठ्या मनाचा बॉक्सर, शेवटच्या लढतीत जखमी पोराला सोडून देतो. पेपरवाल्यांनी पानं भरली असती. तालमीच्या दारावर कोरायला ‘अपराजित’पेक्षा कितीतरी चांगलं काहीतरी सापडलं असतं. कागद नको, सही नको, आणि सांगणारं पोरगं स्वतःच तयार.

“नाही रे,” हे म्हणाले. “मला दिसलंच नाही.”

पोरगं काहीतरी बोलायला गेलं. हे म्हणाले, “बोटं हलवू नकोस. ओलं आहे अजून.”

प्लास्टर वाळेपर्यंत ते बोटं धरून उभे होते. जरा वेळानं त्यांनी स्वतःच विचारलं, “उजव्या हाताला काही झालं?”

“काही नाही, सर.”

“व्हायचंच नाही,” ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. मला रडू यायला लागलं, म्हणून मी पाण्याचा टब ओतायला मोरीकडे गेले.

संध्याकाळी आम्ही बरोबरच घरी आलो. कोच दारात वाट बघत होते, सही झाली का विचारायला. ह्यांनी खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “सर, हे नको.”

“का पण?” कोच म्हणाले. “अरे, नियम आपल्या बाजूनं आहे. उद्याची शेवटची मुदत. काय सांगू मी लोकांना?”

“हरलो म्हणून सांगा.” हा शब्द ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. बोलून झाल्यावर ते क्षणभर थांबले, नवीन दात जिभेनं चाचपून बघावा तसे. मग म्हणाले, “नीट हरलो.”

मोडलेल्या हाताचं त्यांनी कोचना सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरगं अधिकच मोठं झालं असतं, आणि ह्यांनी ते एक दिवस सगळ्यांना सांगितलंही. पण त्या संध्याकाळी त्या म्हाताऱ्या माणसाला ते सोसलं नसतं. त्यांनी ह्यांना बघायला शिकवलं होतं. कोच कागदाची घडी वर खाली करत उभे राहिले. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मला म्हणाले, “येतो, पोरी,” आणि जिना उतरून गेले.

हे आत आले. सासूबाई खिडकीपाशीच होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, त्यांना नेहमीच सगळं ऐकू जातं. त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं. लेक इतक्या वर्षांत इतक्या लढती करून घरी आला होता. दर वेळी लोक त्याला खांद्यावर घेऊन यायचे, आणि अशा माणसाला कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. मी फक्त पट्ट्या कापून काढायची आणि हाडं शाबूत आहेत का ते बघायची.

“लागलं का रे तुला?” सासूबाईंनी विचारलं.

“लागलं गं आई,” हे म्हणाले. “खूप लागलं.” आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.